पन्नास मीटर उंचीवरची लढाई: टेम्पेस्ट विरुद्ध टा १५२

१४ एप्रिल १९४५, संध्याकाळ. उत्तर जर्मनीत मेक्लेनबुर्ग भागात लुडविग्सलुस्ट नावाचं गाव आहे, बर्लिन-हॅम्बुर्ग रेल्वेमार्गावरचं जंक्शन. युद्ध संपायला चार आठवडेही उरले नव्हते, अमेरिकन सैन्य एल्बे नदीला टेकलं होतं आणि ब्रिटिश टेम्पेस्ट विमानं रोज पूर्वेकडे घुसून दिसेल ती रेल्वे, दिसेल तो ट्रक झोडपत होती. त्या संध्याकाळी रॉयल एअर फोर्सच्या ४८६ स्क्वाड्रनची, म्हणजे न्यूझीलंडवाल्यांची, दोन टेम्पेस्ट या जंक्शनवर हल्ला करत होती. आठ-दहा किलोमीटरवर नॉयश्टाट-ग्लेवेचा जर्मन विमानतळ, तिथून हे सगळं उघड्या डोळ्यांनी दिसत होतं, आणि तिथे जेजी ३०१ या जर्मन तुकडीकडे जगात मोजकीच असलेली टा १५२एच विमानं (एच म्हणजे टा १५२ची खूप उंचीसाठी बनवलेली आवृत्ती) उभी होती. तीन विमानं उडाली. त्यांचे पायलट: ओबर्स्टलॉयटनंट फ्रिट्झ आउफहामर, ओबरफेल्डवेबेल झेप झाटलर आणि ओबरफेल्डवेबेल विली रेश्के.

पुढच्या काही मिनिटांत एक टेम्पेस्ट आणि एक टा १५२ जमिनीवर पडलं आणि तेव्हापासून ही छोटीशी लढाई फायटर विमानांच्या वादात पुन्हा पुन्हा ओढून आणली जाते. टा १५२ वाले म्हणतात, बघा, उंचीवर उडायला बनवलेल्या विमानाने खाली लढायला बनवलेल्या विमानाला त्याच्याच घरात हरवलं, म्हणजे टा १५२ सर्वात भारी. मला हा निष्कर्ष पटत नाही. पण "एकच लढाई, नशिबाचा खेळ, सोडून द्या" हेही पटत नाही, कारण नीट बघितलं तर या प्रकरणात शेवटच्या पिस्टन इंजिनवाल्या फायटर्सची तुलना कशी करावी आणि कशी करू नये हे दोन्ही दिसतं.

आधी टेम्पेस्ट घेऊ. सिडनी कॅम यांचं डिझाइन, हॉकर कंपनीचं. त्याआधीचं टायफून जाड पंखामुळे अडकलं होतं, मुळाशी पंखाची जाडी रुंदीच्या १८-१९ टक्क्यांच्या आसपास, आणि वेग वाढला की तो पंख हवेला असा काही अडवायचा की इंजिनात कितीही ताकद असली तरी उपयोग नाही. म्हणून टेम्पेस्टला नवा पातळ लॅमिनार फ्लो पंख दिला, म्हणजे ज्यावरून हवा जास्तीत जास्त अंतर गुळगुळीत वाहते असा, मुळाशी १४.५ टक्के, टोकाला १०. पंख पातळ केला की त्यातली पेट्रोलची जागा गेली, मग कॉकपिटच्या पुढे टाकी बसवायला नाक लांबवावं लागलं, नाक लांबवलं म्हणून शेपटी मोठी करावी लागली. विमानात एक गोष्ट हलवली की चार गोष्टी हलतात ते असं.

आणि इंजिन म्हणजे नेपियर सेबर. २४ सिलिंडर, इंग्रजी एच अक्षरासारखी मांडणी, ३६.७ लिटर, नेहमीच्या व्हॉल्व्हऐवजी सिलिंडरमध्ये सरकणाऱ्या नळ्या, म्हणजे स्लीव्ह, आणि मिनिटाला ३७०० फेरे. एवढ्या मोठ्या इंजिनासाठी हा आकडा भयंकर आहे. ताकद आवृत्तीप्रमाणे २२०० ते २४०० हॉर्सपॉवर. सुरुवातीला स्लीव्ह गोल राहायच्याच नाहीत, घासून इंजिनं फुटायची, मग ब्रिस्टल कंपनीची स्लीव्ह बनवायची पद्धत वापरायला लागले तेव्हा कुठे सेबर ताळ्यावर आलं. थंडीत सुरू करणं तरीही डोकेदुखीच होती. पण एकदा चाललं की जमिनीलगत टेम्पेस्टला गाठणारी पिस्टन विमानं फारच थोडी. ताशी सहाशेच्या वर किलोमीटर समुद्रसपाटीवर, आणि पाच हजार मीटरच्या आसपास ७०० किमी. १९४४ च्या उन्हाळ्यात व्ही-१ नावाचे उडते बॉम्ब ताशी ६४० च्या आसपास वेगाने, हजार मीटरच्याही खालून लंडनवर यायला लागले तेव्हा त्यांना पकडायला टेम्पेस्टच पुढे होतं. पंखात चार २० मिमी हिस्पानो तोफा.

पण सेबरचा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, एकाच टप्प्याचा, दोन गिअरचा. सहा हजार मीटरच्या वर गेलं की इंजिनाला दम लागायला लागतो. कॅमना हे माहीत नव्हतं असं नाही, विमान ज्या कामाला लागलं ते काम खालीच होतं.

आता टा १५२एच. कुर्ट टांक यांचं डिझाइन, फोके-वुल्फ कंपनीचं, त्यांच्याच एफडब्ल्यू १९० या फायटरचा वंशज. पण काम अगदी उलटं. जर्मनांना भीती होती की अमेरिकेचं बी-२९ बॉम्बर युरोपात येईल आणि दहा हजार मीटरवरून बॉम्ब टाकेल, तिथे लढायला आपल्याकडे काहीच नाही. (बी-२९ युरोपात लढायला कधी आलंच नाही, ही वेगळी गंमत.) त्यामुळे टा १५२एचला १४.४४ मीटरचा लांबलचक पंख दिला, मूळ १९० चा १०.५ होता. कॉकपिटमध्ये हवेचा दाब राखायची सोय, कॅनोपीच्या कडेने फुगवायची सीलबंद नळी, काचेवर धुकं जमू नये म्हणून दुहेरी काचेत सिलिका जेल. इंजिन युंकर्स युमो २१३ई, ३५ लिटरचं उलटं व्ही-१२, पण त्याचा सुपरचार्जर दोन टप्प्यांचा आणि तीन गिअरचा, शिवाय दाबलेली हवा थंड करायला कूलर. वर जोडीला दोन रसायनं: एमडब्ल्यू ५०, म्हणजे पाणी आणि मिथेनॉल, हे खालच्या आणि मधल्या उंचीसाठी, आणि जीएम-१, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, अगदी वरच्या पातळ हवेत इंजिनाला ऑक्सिजन पुरवायला. पहिल्या बॅचच्या विमानांवर तर ही सगळी सामग्री बसवलेलीही नव्हती.

सगळी सामग्री असेल तर साडेबारा हजार मीटरवर ताशी ७५० किमी. आता त्या उंचीवर हवेची घनता जमिनीवरच्या पावपटही नसते हे लक्षात घेतलं तर हा आकडा किती मोठा आहे ते कळेल. त्या उंचीवर टेम्पेस्ट येऊच शकत नाही, म्हणजे स्पर्धाच नाही. पण तेच टा १५२ जमिनीलगत आणलं की ताशी सहाशेच्या आत. दोन टप्प्यांचा सुपरचार्जर, दाबाचं कॉकपिट, लांब पंख, हे सगळं खाली वेगासाठी निव्वळ ओझं, पाऊस नसताना छत्री सांभाळत फिरल्यासारखं.

म्हणजे कागदावर त्या संध्याकाळचा निकाल सरळ होता. इंजिनाची ताकद टेम्पेस्टकडे जास्त, खालचा वेग टेम्पेस्टचा जास्त, आणि पंखावरचा भारसुद्धा टेम्पेस्टचाच कमी! लढाईच्या नेहमीच्या वजनाला टेम्पेस्ट साधारण ५१७० किलो आणि पंख २८ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला १८५ किलो. टा १५२एच साधारण ४७५० किलो आणि पंख साडेतेवीस चौरस मीटरच्या आतला, म्हणजे २०० च्या वर. पंखावर भार कमी म्हणजे विमान आत वळणार, हे आपण सगळे लहानपणापासून वाचत आलोय.

आणि झालं काय? रेश्केने नंतर जे सांगितलं त्याप्रमाणे गोष्ट अशी: लढाई सुरू व्हायच्या आतच झाटलरचं विमान कोसळलं, का ते आजवर नक्की झालेलं नाही. मग दोनास दोन. आउफहामर एकाच्या मागे, रेश्के दुसऱ्याच्या. सगळी मारामारी झाडांच्या शेंड्यांवर, पन्नास मीटरच्या वर कोणी गेलंच नाही. दोघांनी वळणं घट्ट करत नेली आणि टा १५२ हळूहळू आत सरकत गेलं. रेश्केची पहिली फैर टेम्पेस्टच्या मागच्या भागाला लागली. त्यानंतर त्याने परत नेम धरला तर तोफा चालेनात. पण तोवर टेम्पेस्टच्या पायलटने, वॉरंट ऑफिसर ओ. जे. मिचेल याने, वळण आणखी आवळलं आणि विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांना उचलून धरणं जमेनासं होऊन, डाव्या पंखावर उलटलं आणि जंगलात पडलं. मिचेल आणि झाटलर दोघांनाही नॉयश्टाट-ग्लेवेच्या दफनभूमीत शेजारी-शेजारी पुरलं, हेही रेश्केनेच सांगितलंय.

आता हे एका बाजूच्या माणसाचं कथन, आणि ते जिंकलेल्या माणसाचं, त्यामुळे थोडं जपूनच घ्यायचं. तरी मुख्य सांगाडा, म्हणजे खूप खाली, हळू वेगात, घट्ट वळणांत लढाई झाली आणि टेम्पेस्ट स्टॉल होऊन पडलं, हा मला पूर्ण पटण्यासारखा वाटतो. कारण भौतिकशास्त्र त्याच्या बाजूने आहे.

कसं ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच खरी मजा आहे. विमान वळतं तेव्हा पंखाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट-चौपट लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, द्यावी लागते आणि त्या लिफ्टची किंमत म्हणून ड्रॅग, म्हणजे मागे ओढणारा हवेचा जोर, येतो, इंड्यूस्ड ड्रॅग. हा ड्रॅग ठरतो तो पंखाच्या क्षेत्रफळावर नाही तर पंखाच्या लांबीवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मीटरमागे किती वजन ते बघायचं आणि त्याचा वर्ग करायचा. टेम्पेस्टचा पंख १२.५ मीटर, म्हणजे मीटरला साधारण ४१४ किलो. टा १५२एचचं ३२९. वर्ग करून भागाकार केला की कळतं की त्याच वेगात तेच वळण घेताना टेम्पेस्टला हा ड्रॅग दीडपटीहून थोडा जास्तच. टेम्पेस्टने येताना बरंच पेट्रोल जाळलं होतं, तोफांच्या गोळ्याही थोड्या संपल्या असतील, तेव्हा फरक थोडा कमी धरा, समजा एक पूर्णांक एक तृतीयांश पट. तरी इंजिनाची २०-२५ टक्के जास्त ताकद तो खड्डा भरून काढत नाही. परिणाम असा की दोघंही वळत राहिले तर टेम्पेस्टचा वेग आधी पडतो. पहिली दोन-तीन वळणं बरोबरीची, मग हळूहळू एक विमान दमायला लागतं.

दुसरं, लॅमिनार पंखाची एक वाईट खोड आहे. वेगाला तो उत्तम, पण पंख जास्त कोनात धरला की जुन्या पद्धतीच्या पंखाइतकी कमाल लिफ्ट तो देत नाही. टांकच्या विमानांचा पंख जुन्या घराण्यातला, त्याला वेगात थोडं नुकसान पण कमाल लिफ्ट बरी. म्हणजे १८५ विरुद्ध २०० या आकड्यांत टेम्पेस्टचा जो फायदा दिसतो त्यातला मोठा हिस्सा पंखाच्या आकारातच खाल्ला जातो. पंखावरचा भार हा आकडा एकटा वाचायचा नसतो.

मग मिचेल वळायला गेलाच का, सरळ पश्चिमेकडे पूर्ण थ्रॉटल टाकून का नाही निघून गेला? हा प्रश्न घरी खुर्चीत बसून विचारायला सोपा आहे. टेम्पेस्टचा सहाशेच्या वरचा वेग हा कमाल वेग आहे, तो गाठायला वेळ लागतो. जमिनीवर हल्ला करून वर ओढताना वेग गेलेला असतो, आणि तेव्हा शत्रू दोन-तीनशे मीटर मागे असेल तर सरळ पळणं म्हणजे त्याला न हलणारं लक्ष्य देणं. टा १५२च्या नाकात ३० मिमीची एमके १०८ तोफ होती, चारमोटारी बॉम्बर पाडायला बनवलेली, एक गोळा नीट लागला तर छोट्या फायटरचं काय उरणार. मागे असं काही असताना माणूस वळतोच. शिवाय जोडीतला दुसरा पायलट तिथे लढतोय, त्याला टाकून जायचं नसतं. टेम्पेस्टचा सगळा फायदा वेगात होता आणि तो वेग लढाई सुरू व्हायच्या आधीच हातातून गेला होता, त्या दोन-तीन मिनिटांत तो परत मिळवायला मोकळी जागाच नव्हती.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. रेश्के कच्चा पायलट नव्हता, त्याच्या नावावर वीसहून जास्त विजय होते. १९४५ मध्ये जर्मनीकडचे बहुतेक नवे पायलट जेमतेम उड्डाणं शिकून आलेले असायचे, पेट्रोलच नव्हतं शिकवायला. टा १५२ सारखं दुर्मिळ विमान मात्र उरलेल्या अनुभवी लोकांच्या हातात दिलं गेलं. तेव्हा या लढाईत आपण नुसती दोन विमानं तोलत नाहीये.

बरं, ही लढाई चार हजार मीटरवर झाली असती तर? टेम्पेस्टने वरून झेप घेतली असती, गोळ्या मारून त्याच वेगात निघून गेलं असतं, टा १५२ काही करू शकलं नसतं. डाइव्हमध्ये टेम्पेस्ट सुसाट सुटायचं, सहा टनांच्या आसपास जाऊ शकेल असं धूड ते. आणि दहा हजार मीटरवर? तिथे टेम्पेस्ट कसंबसं तरंगत राहिलं असतं आणि टा १५२ने त्याच्याभोवती चकरा मारल्या असत्या. साधारण सात-आठ हजार मीटरच्या पट्ट्यात कुठेतरी दोघांचे आलेख एकमेकांना छेदतात. म्हणून "७०० विरुद्ध ७५०" अशी तुलना कोणी केली की मी पहिला प्रश्न विचारतो, किती उंचीवर, आणि दुसरा, कुठली रसायनं चालू करून.

ब्रिटिशांनी आपल्याआपल्यात हे काम फार छान केलं होतं. एअर फायटिंग डेव्हलपमेंट युनिट नावाची तुकडी होती, ती दोन विमानं समोरासमोर आणून वेगवेगळ्या उंचीवर वेग, चढ, डाइव्ह, रोल (म्हणजे एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होणं), वळण असं एकेक तपासायची. टेम्पेस्ट आणि स्पिटफायर १४ यांची तुलना वाचली की डोळे उघडतात. तीन हजार मीटरच्या खाली टेम्पेस्ट वेगात पुढे, पण खूप वर गेलं की ग्रिफन इंजिनवालं स्पिटफायर पुढे, चढण्यात आणि वळण्यात स्पिटफायर सरळ सरळ पुढे. पकडलेल्या एफडब्ल्यू १९०ए बरोबर टेम्पेस्टचं वळण जवळपास सारखंच निघालं, आणि रोलमध्ये १९० भारी. म्हणजे टेम्पेस्टने वळणाच्या लढाईत शिरू नये हे लुडविग्सलुस्टच्या वर्षभर आधीच कागदावर होतं. उलट टा १५२एच पण फार चपळ नव्हतं, युद्धानंतर ते उडवलेल्या ब्रिटिश टेस्ट पायलट एरिक ब्राउन यांनी नोंदवलंय की आधीच्या १९० पेक्षा याचा रोल मंद आहे. लांब पंखाचं बिल कुठेतरी भरावं लागणारच.

आता आपल्याकडचा धागा, कारण या दोन्ही विमानांची घराणी पुढे भारतात येऊन पोचली हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. टेम्पेस्टची दुसरी आवृत्ती, म्हणजे सेबरऐवजी गोल सेंटॉरस इंजिन लावलेलं टेम्पेस्ट मार्क २, आपल्या हवाई दलाकडे होतं आणि १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात ते वापरलं, काम तेच, जमिनीवर मारा. आणि कुर्ट टांक? ते आधी अर्जेंटिनात गेले आणि १९५६ मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आले, तिथे त्यांनी एचएफ-२४ मारुत बनवलं, १७ जून १९६१ ला ते पहिल्यांदा उडालं. मारुतचा सांगाडा देखणा आणि वेगासाठीच आखलेला, पण त्याला हवं ते ताकदवान इंजिन मिळालंच नाही, ऑर्फियस नावाच्या कमी ताकदीच्या इंजिनावरच भागवावं लागलं, आणि मग १९७१ मध्ये ते राजस्थानच्या वाळवंटात जमिनीलगत रणगाड्यांवर मारा करायला वापरलं गेलं आणि ते काम त्याने चांगलं केलं. टांक यांच्या नशिबात दोनदा असं आलं की विमान एका उंचीसाठी आखायचं आणि ते लढणार भलत्याच उंचीवर.

परत प्रकरणाकडे. टा १५२ च्या बाजूने बोलणारे म्हणतात की अशी शंभर-दोनशे विमानं असती तर चित्र पालटलं असतं. मला तरी तसं वाटत नाही. सगळी मिळून बनली ती काही डझन, कॉटबुसच्या कारखान्यावर बॉम्बहल्ले चालूच होते. मे १९४४ पासून जर्मनीचे कृत्रिम पेट्रोलचे कारखाने झोडपले जात होते, लॉयनासारखे कारखाने दुरुस्त करायचे आणि परत उडवले जायचे. मार्च १९४५ मध्ये तर अशी गोष्ट सांगतात की टा १५२ची तुकडी आकाशात जमत असताना त्यांच्याच बाजूच्या बीएफ १०९ विमानांनी त्यांच्यावर हल्ला केला, कारण हे विमान त्या पायलट्सनी कधी पाहिलंच नव्हतं! टा १५२ वाले सरळ वर चढून निसटले. आपल्याच लोकांना ओळखू येत नाही इतकं दुर्मिळ विमान युद्धाचं काय बदलणार. उलट टेम्पेस्ट ५, म्हणजे इथे ज्याबद्दल बोलतोय ती सेबरवाली आवृत्ती, बनली ८०१, आणि त्यांचं मोठं नुकसान जर्मन फायटर्सनी नाही तर विमानविरोधी तोफांनी केलं. नाकाखाली रेडिएटर, त्यात एक तुकडा घुसला की कूलंट गेलं आणि काही मिनिटांत सेबर जाम. टेम्पेस्ट १ नावाचं एक नमुना विमान होतं, त्यात रेडिएटर पंखाच्या पुढच्या कडेत घेतला होता, ते १९४३ मध्येच ताशी ७५० च्या आसपास गेलं होतं, पण त्याचं सेबर ४ इंजिन वेळेवर तयार झालं नाही आणि नाकाखाली रेडिएटर असलेली, हनुवटीवाली आवृत्ती पुढे आली.

मला कोणी विचारलं की त्या संध्याकाळी तुला कुठलं विमान देऊ, तर मी अजूनही टेम्पेस्टच घेईन. फक्त रेल्वेवर दुसरी फेरी मारणार नाही, एकदा गोळ्या झाडून वेग हातात असेपर्यंत पश्चिमेकडे निघेन. आणि मागे कोणी आधीच लागलेला असेल तर मग टा १५२ दिलेलं बरं.